साळिंदराने उचललेला देव

माळाच्या कडेला एका जंगलात मुंगसाचे एक पिल्लू आपल्या थोरल्या भावाबरोबर राहत असे. त्यांच्या शेजारी एक म्हातारे कासव होते आणि एक साळिंदर. टेकडीवरच्या गोल दगडाला कासव देव मानी आणि रोज एक रानफूल तोंडात धरून टेकडी चढे. साळिंदर मात्र देव मानत नसे. "कासवबुवा, फूल न्यायला तुमचा देव एकदा तरी स्वतः खाली का येत नाही हो?" असे ते विचारी. "तो आला तर तू वाद कुणाशी घालशील?" असे कासव म्हणे, आणि दोघेही खो-खो हसत.

मुलांनो, एके दिवशी नागाशी झुंजताना त्या थोरल्या भावाला नाग चावला. कासवाने दगडापुढे बसून दिवसभर विनवणी केली. साळिंदराने नखे झिजेपर्यंत जमीन उकरून औषधी मुळी आणली. पण दिवस मावळायच्या आत भाऊ गेला. धाकट्याने तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. "दादा कुठे गेला?" एवढेच ते जो भेटेल त्याला विचारी. चौथ्या दिवशी सकाळी ते टेकडीवर धावले आणि अंगातले सगळे बळ लावून त्याने तो दगड ढकलून दिला. दगड गडगडत टेकडीखालच्या ओढ्याच्या चिखलात जाऊन रुतला.

धापा टाकत ते साळिंदराकडे आले. "काका, पाडला मी त्याला! दादाला वाचवलं नाही त्याने. तो नाहीच, असं तुम्हीच म्हणता ना? मग जिंकलात तुम्ही!"

काका पाठ थोपटतील, असे त्याला वाटले होते. पण साळिंदराचा चेहरा उतरला. "दगडात देव नाही, हे मी कासवबुवांना तोंडावर सांगतो," ते म्हणाले, "पण त्यांचा जीव त्या दगडात गुंतलाय, हेही मला दिसतं. वाद बोलून जिंकायचा असतो रे, दुसऱ्याचं हिसकावून नाही." एवढे बोलून ते ओढ्यात उतरले आणि दगडाला खांदा लावून त्याला वर ढकलू लागले. मुंगूस मान खाली घालून मागून चालले.

अर्ध्या चढावर कासव भेटले. दगड पाहताच त्याच्या तोंडातले फूल गळून पडले.

"मीच पाडला, आजोबा," मुंगूस म्हणाले. "तुम्ही दिवसभर हाका मारल्यात. त्याने ऐकल्या का?"

कासवाने खाली पडलेल्या फुलाकडे पाहिले. मग त्याची नजर मुंगसाच्या खपाटीला गेलेल्या पोटाकडे गेली. "साळिंदरा, देव राहू दे इथेच. तो थांबेल. पोर तीन दिवस उपाशी आहे."

"देव थांबेल हो, पण हा उतार थांबेल का?" असे म्हणत साळिंदराने दगडाखाली एक धोंडा अडकवला. मग त्याने शेजारची ओली माती उकरून किडे काढले. कासवाने मान लांब करून एकेक किडा मुंगसापुढे सरकवला. पहिला घास गिळताच मुंगूस हुंदके देऊ लागले. "दादा कुठे आहे? दोघांपैकी एकाने तरी खरं सांगा!"

"माझ्या मते तो देवाजवळ आहे, बाळा," कासव म्हणाले. मग ते साळिंदराकडे वळले. "तूही सांग. माझ्यासाठी शब्द गिळू नकोस."

"मला तो कुठेच दिसत नाही रे," साळिंदर हळूच म्हणाले. "मातीत मिसळला तो. पण किडे कसे धरायचे हे त्याने तुला शिकवलं ना? ते काही मातीत गेलं नाही."

मुंगसाने दोघांकडे पाहिले. उत्तरे दोन होती आणि ती जुळत नव्हती. पण त्याच्याजवळून दोघांपैकी कुणीही हलले नव्हते. त्याने आणखी एक किडा खाल्ला, डोळे पुसले आणि उठून दगडाला खांदा लावला.

"लाव, लाव," साळिंदर म्हणाले, "पण त्या बाजूने. इकडे माझे काटे आहेत."

तात्पर्य : देव मानणारा आणि न मानणारा यांचे मत जुळलेच पाहिजे असे नाही. दोघांनी आपले खरे बोलावे, दुसऱ्याचे ऐकून घ्यावे, आणि रडणाऱ्याजवळ दोघांनीही बसावे.