शेवाळातला परका तुकडा

फार फार वर्षांपूर्वी, एका डोंगरातल्या काळ्या दगडावर बोटभर शेवाळ होतं आणि त्या शेवाळात एक राज्य नांदत होतं. हसू नका. तिथली प्रजा डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक, पण रुबाब राजवाड्याचा.

त्या राज्यात सगळ्या बायकाच. नवरा, बाप, भाऊ हे शब्दच कुणाला ठाऊक नव्हते. वेळ आली की बाई एकटीच अंडं घाली आणि त्यातून हुबेहूब तिच्यासारखी लेक बाहेर येई. खाण तशी माती! याचा त्यांना भारी अभिमान.

ऊन तापलं की शेवाळ सुके. मग या बायका अंग आवळून वाळून जात आणि वाळताना त्यांची आतली घडण तटातटा तुटे. पुन्हा ओल आली की प्रत्येकीने आपले तुकडे जुळवून स्वतःला सांधायचं, अशी तिथली रीत. त्या घाईत कधी कधी शेजारी मरून पडलेल्या एखाद्या जिवाणूचा तुकडाही आत सांधला जाई. तसं झालं तर तो उपटून टाकायचा, असा थोरलीचा कायदा होता. थोरली म्हणजे त्या राज्याची कारभारीण. प्रत्येक ओलाव्यानंतर ती एकेकीला तपासत असे.

एकदा उन्हाळा फार लांबला. शेवटी धुकं उतरलं, शेवाळ भिजलं आणि तपासणी सुरू झाली. परका तुकडा सापडला तो नेमका थोरलीच्या लेकीत.

"उपट तो," थोरली म्हणाली.

"आई, तो अगदी पोटाशी सांधला गेलाय. ओढला तर अंडं फुटेल गं माझं."

"नियम सगळ्यांना सारखा. तुला सोडलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. उपटत नसशील तर निघ इथून."

लेक निघाली. शेवाळाच्या कडेला, जिथे ओल जेमतेम टिकते, तिथे ती अंडं सांभाळत राहिली. थोरलीने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. मला विचाराल तर तिला पाहायचं होतं, पण चारचौघींसमोर ते तिला जमेना.

आणि मग पांढरी बुरशी आली. ती एका बाईच्या तोंडाला चिकटली, तिने आत तंतू घातले, आणि बाई टरफल होऊन पडली. मग दुसरी. मग तिची शेजारीण. सगळ्या एकसारख्या, म्हणून एकीला मारायची युक्ती सगळ्यांना लागू पडत होती, एका किल्लीने आळीतली सगळी कुलपं उघडावीत तशी. उरलेल्या कडेकडे पळत सुटल्या. थोरली सगळ्यांत मागे राहून धडपडणाऱ्यांना पुढे ढकलत होती.

बुरशी कडेलाही पोचली. एक तंतू लेकीला भिडला. तिने अंड्यावर अंग टाकलं. तंतू आत शिरू लागला आणि मध्येच थबकला. त्या परक्या तुकड्याच्या जोरावर लेकीच्या अंगातून एक कडू रस पाझरत होता. तंतू पिवळा पडला आणि गळून गेला.

"माझ्या मागे या!" लेक ओरडली. "दाटून बसा!"

मोजक्याच जणी पोचल्या. थोरलीला मात्र वाटेतच तंतूंनी गाठलं. लेक धावली, तो रस लागावा म्हणून तिने आईच्या अंगाला अंग घासलं, पण तंतू आधीच आत गेले होते.

"आई, माझ्यातला अर्धा तुकडा घे. तोडून देते!"

"वाळल्याशिवाय सांधता येत नाही, पोरी." थोरलीला बोलवत नव्हतं. "आणि तुझ्याकडे मागायची वेळच यायला नको होती. या ओलाव्याला असाच तुकडा माझ्यातही आला होता. तपासणीच्या आधी, कुणाला कळू न देता, मी तो उपटून फेकला. थोरलीच्याच अंगात परकं निघालं असतं, तर काय तोंड दाखवलं असतं मी?"

एवढं बोलून ती गेली. लेक खूप रडली.

यथावकाश बुरशी ओसरली आणि अंड्यातून थोरलीची नात सुखरूप बाहेर आली. लेकीच्या आडोशाला वाचलेल्या बायका पुढच्या उन्हाळ्यात तिला बिलगूनच वाळल्या, आणि ओल आल्यावर स्वतःला सांधताना कुणीही काही उपटलं नाही.

तात्पर्य: शुद्धपणाच्या गर्वापायी जो परक्याचं चांगलं फेकून देतो, तो आपल्याच हाताने आपली ढाल फेकतो.