खुराड्याची मागची बाजू

“मग खोट कुठं आहे, तेवढं तरी सांगाल का नाही?” यमुनेनं खुराड्याच्या पत्र्यावर थाप मारली. “येता, बघता, नाही म्हणता… नाही म्हणजे काय नाही?”

सरूमाय पायरीवर बसून पान लावत होती.

टेकडीवरच्या देवीपाशी राहणारी ही म्हातारी. लोक तिच्याकडे देव विचारायला जात आणि काहीतरी काम घेऊन परत येत. यमुना गेली होती कोंबडी मागायला. माय म्हणाली, आधी खुराडं बांध. जमलं तर माझी ही टिपकी तुझी.

टिपकी आत्ता मायच्या मांडीवर डोळे मिटून बसली होती.

यमुनेला ती हवीच होती. मागच्या दिवाळीत मुंगसानं तिचं डालगं उलथं पाडलं, कोंबडी पिलांसकट नेली. अंगणात नुसती पिसं. तेव्हापासून सकाळ मुकी असायची, आणि यमुना उगाच भांडी आपटायची.

खुराडं तिनं जन्मात बांधलं नव्हतं. पण बाई हट्टी, विचारील कशाला कुणाला. मोडक्या कपाटाचं दार बसवलं, त्याला पितळी कडी, कडीला घरचं थोरलं कुलूप. पुढची भिंत सारवून तिच्यावर गेरूची वेल काढली. पाहुण्याला चहाच्या आधी खुराडं दाखवलं जाई.

“हत्ती आला तरी हे दार हलायचं नाही,” ती म्हणाली.

“नाहीच हलायचं.”

माय उठली. टिपकीला आत सोडलं, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि पुन्हा येऊन बसली.

“काढ तिला बाहेर.”

“किल्ली द्या.”

“मुंगसाला कुणी दिली होती?”

यमुनेनं किल्लीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला.

“दिवेलागणीपर्यंत निघाली नाही,” माय म्हणाली, “तर टिपकी तुझी.”

आता यात अवघड ते काय? यमुनेनं दार ओढलं. हललं नाही. कडी खेचली. हलली नाही. आणखी दोन हिसके द्यायचे, हात झटकायचे आणि म्हणायचं, बघा, नाही निघत. कोंबडी घरची झाली.

माय तर तिच्याकडे बघतही नव्हती. पानाला चुना लावत होती.

यमुना दोन हिसक्यांसाठी पुढं झाली… आणि थांबली. डोळ्यांपुढं ती पिसं आली.

ती मागच्या बाजूला गेली.

मागं कुंपण. तिथं कोण बघतंय म्हणून ना सारवण, ना वेल. बुडाशी एक फळी नुसती टेकवलेली. यमुनेनं पदर खोचला आणि सरळ पोटावर आडवी झाली. माती भुसभुशीत होती. एक ओंजळ काढली, दुसरी काढली. फळी डुगडुगली, तशी तिच्या अंगात वारंच शिरलं. कोपर आत, खांदा आत. कोंबडी बसायची दांडी इतकी खाली की हाताला थेट कोंबडीचे पायच लागले.

टिपकीनं गाव गोळा होईल असा कालवा केला.

यमुना पुढं आली ती केसांत पिसं, नाकाला माती, काखेत कोंबडी. धाप लागलेली, तरी तोंड थांबेना. फळीखाली दगड भरायला हवेत म्हणाली, हातभर खोल. दांडी वर न्यायची. पत्र्याखालून पण एक वाट आहे, मघाशी दिसली, तिथून तर मांजरसुद्धा येईल. आणि ती वेल गेली खड्ड्यात, उद्या सकाळी सगळं उचकटते…

बोलता बोलता ती थबकली. ठरलं काय होतं, ते आत्ता आठवलं.

दिवेलागण अजून झाली नव्हती.

तिनं टिपकीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि कोंबडी मायपुढं धरली.

“निघाली. घ्या तुमची तुम्हाला.”

मायनं हात पुढं केले नाहीत. कनवटीची किल्ली काढून पायरीवर ठेवली. काठी उचलली. टेकडीच्या वाटेला लागता लागता म्हणाली,

“बांधणारीला मी देतच नव्हते, यमुने. चोरटीला देते.”