शतावरीची अंडी आणि सरपंचांचा वाटा

शपथेवर सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे मी तिथं नव्हतो, पण कोंबड्या होत्या.

आमच्या गावच्या इंदूआक्का कोंबड्यांना पाण्यातून शतावरीचा अर्क द्यायच्या. कोंबड्या धडाधड अंडी घालायला लागल्या. लगेच सरपंच भुजंगराव पंचांना घेऊन दारात हजर.

"शतावरी माझ्या बांधावरची. निम्मी अंडी माझी, नाहीतर अर्क बंद!"

"म्हणजे अर्धेलीनं. चालेल," आक्का म्हणाल्या. "पण अर्धेलीत कष्टही निम्मे ना?"

"रीतच आहे ती," पंच म्हणाले.

आक्कांनी आतून अंड्यांची पाटी आणून सरपंचांपुढं ठेवली. "यातनं पिल्लं काढायचीत. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते. तिचे साडेदहा झाले. राहिलेले तुम्ही बसा. आणि भाऊ, जरा अलगद हं."

भुजंगरावांचं वजन एकशेदहा किलो. त्यांनी पाटीकडं बघितलं, पंचांनी त्यांच्याकडं.

"बसा की," एक पंच म्हणाला, "पाटीतलं गवत मऊ आहे."

"नको मला वाटा!" म्हणत सरपंच जे सुटले, ते चप्पल तिथंच विसरले. कोंबडी येऊन पुन्हा पाटीत बसली.

पटलं ना? मग ऊठ, पैजेप्रमाणं आपल्या दोन्ही आम्लेटचे पैसे तू दे.