सांबरेळीचा झरा

सांबरेळीच्या कड्याखाली, भरतीची रेघ संपते तिथे, गोड्या पाण्याचा झरा आहे. वैशाखातही तो आटत नाही. तरी गावच्या बायका घाटी चढून वरच्या विहिरीवर जातात. पाहुणा झऱ्याशी वाकला, की होडीवाले बाबू तांडेल म्हणतात, "प्या, खुशाल प्या. आम्हांला नाही चालत."

असे सांगतात, की दीडशे वर्षांमागे सलग दोन पावसाळे कोरडे गेले. तेव्हा इथल्या धाकूने मोरस बेटावर, म्हणजे आजच्या मॉरिशसला, उसाच्या मळ्यात राबायचा पाच वर्षांचा करार केला आणि मुंबईला जाऊन तो जहाजावर चढला. मागे राहिली बायको, आवडी.

काही दिवसांनी तेच जहाज कड्यासमोर येऊन नांगरलं. शिडं सैल लोंबत होती. जवळून गेलेल्या मच्छीमाराने बातमी आणली: जहाजावर पटकी लागलीय, कप्तान आणि खलाशी होड्या घेऊन पळालेत, पाण्याची पिंपं कोरडी पडलीत. "धाकू आहे त्यात," तो म्हणाला. "मला ओळखून हाक मारली. पाणी मागत होता."

आवडीने झऱ्यावर कळशी भरली. गावच्या खोताने तिची वाट अडवली. "एकासाठी सगळा गाव मारू काय गो?" त्याचंही खोटं नव्हतं, मागच्या पटकीत त्याची दोन मुलं गेली होती. त्याने होड्या वर ओढायला लावल्या आणि सगळी वल्ही आपल्या घरात कोंडली.

वारा पडला की हाका ऐकू येत. त्यांतली धाकूची कोणती, ते आवडीला कळे. दुसऱ्या दिवसानंतर त्याची हाक आली नाही. तरी आवडी झऱ्यापासून हलली नाही; तिनेही पाणी तोंडाला लावलं नाही, म्हणे. चौथ्या सकाळी सगळंच शांत झालं. खोत स्वतः वल्हं घेऊन आला. खाली मान घालून म्हणाला, "जा आता. पण परत येऊ नकोस."

आवडी होडी वल्हवत जहाजापाशी गेली आणि कळशी कमरेला बांधून दोराच्या शिडीने वर चढली. कड्यावरून गावाने पाहिलं: एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन ती तोंडात पाणी घालत होती. त्यांतलं कोणी जिवंत होतं का, ते कुणालाच कळलं नाही. मग जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा उठला, नांगराचा दोर तुटला आणि जहाज तिच्यासकट भर समुद्रात गेलं. ते कुठे किनाऱ्याला लागल्याचं कधी कानावर आलं नाही.

खोताच्या म्हाताऱ्या आईने त्या दिवसापासून झऱ्याचं पाणी सोडलं. "मरत्याला नाकारलेलं पाणी माझ्या घशाखाली कसं उतरेल?" हळूहळू गावानेही सोडलं.

आजही सांबरेळीत जिवंतपणी ते कोणी पीत नाही. माणूस जायला टेकलं, की मात्र याच झऱ्याचं पाणी आणून तोंडात घालतात. बहुतेकांच्या ओठांवरून ते तसंच ओघळून जातं.