घाटावरची घंटा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, सांगणाऱ्यांनीही ती कधी मोजली नाहीत. एका मोठ्या नदीच्या काठी एक सुखी राज्य होतं. तिथला राजा मनाने फार मऊ. कुणाचं वासरू दगावलं असं कळलं तरी त्याचे डोळे भरून यायचे. लोक म्हणायचे, असा राजा मिळायला पुण्य लागतं.

पैलतीरावर दुसऱ्याचा मुलूख होता. दोन्ही काठांची सोयरीक जुनी, आणि ये-जा एका मोठ्या नावेतून. पलीकडच्या काठावर झाडाचं पानही नव्हतं, नुसतं तापलेलं वाळवंट. म्हणून तिकडची माणसं वर टेकडीच्या झाडीत बसून राहायची. इकडून नाव सोडताना म्हातारा नावाडी घाटावरची घंटा वाजवायचा, आणि ती ऐकली की मगच ती खाली उतरायची. पिढ्यानपिढ्या असंच चालत आलं होतं. घंटा वाजली आणि नाव आली नाही, असं कधी झालं नव्हतं.

एका वर्षी पैलतीरावर युद्ध पेटलं. दोन भावांनी एका गादीसाठी तलवारी उपसल्या. भांडण दोघांचं, जळाली ती गावं. एक गुराखी कसाबसा नदी पोहून आला आणि त्याने हकिगत सांगितली. दोन-तीनशे माणसं टेकडीच्या झाडीत लपली होती. समोरच्या कड्यावर धनुर्धारी बसले होते, वाळवंटात दिसेल त्याला टिपायला. झाडीतल्या माणसांत नावाड्याची लेक येसूही होती. दोन वर्षांपूर्वीच ती पलीकडे दिली होती.

राजाला त्या दिवशी घास गिळवेना. त्याने दरबार भरवला.

"नाव पाठवू या," तो म्हणाला. "आडोशाला ढाली लावू, बरोबर शिपाई देऊ."

प्रधान हुशार होता, आणि हुशार माणसांना संकट फार लांबून दिसतं. तो म्हणाला, "महाराज, ती माणसं आणली तर थोरला म्हणेल आम्ही धाकट्याची माणसं लपवली, आणि धाकटा म्हणेल थोरल्याची. उद्या त्यांतलाच एक गादीवर बसेल. आपल्याला त्याच्या शेजारी नांदायचं आहे."

राजाने नाव बांधून ठेवायचा हुकूम दिला. नावेला साखळी पडली आणि तिची किल्ली कोतवालाकडे गेली.

"पण काहीतरी केलंच पाहिजे," राजा पुन्हा म्हणाला. ते काहीतरी शोधण्यात तीन दिवस गेले. दोन्ही भावांना खलिते गेले. दोघांनी गोड शब्दांत उत्तरं पाठवली आणि लढाई चालू ठेवली. शेवटी प्रधानाला एक गोष्ट सुचली. सगळ्या राज्याने पांढरी वस्त्रं नेसावीत, घाटावर जमावं, नदीत फुलं सोडावीत आणि राजाने स्वतः घंटा वाजवावी.

"देवळातली घंटा तिकडे ऐकू जायची नाही," प्रधान म्हणाला. "घाटावरची जाईल. आपण त्यांच्या दुःखात सामील आहोत, हे त्यांना कळायला हवं."

राजाला हे फार पटलं. खरं सांगायचं तर सगळ्यांनाच पटलं, कारण त्यात कुणाचं काही जाणार नव्हतं.

दवंडी पिटली गेली. ती ऐकून नावाडी धावतपळत दरबारात आला.

"महाराज, नाव सोडणार असाल तर घंटा वाजवा," तो म्हणाला. "नसाल सोडणार, तर नका वाजवू. ती वाजली की माणसं खाली येत्यात."

"नाव बंद आहे, हे त्यांना माहीत असेलच की," प्रधान म्हणाला.

"कुणी सांगितलं त्यांना?"

राजा हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुझी काळजी आम्हाला कळते. पण आता दवंडी पिटून झाली आहे. लोक जमू लागले आहेत. आम्ही यावर जरूर विचार करू."

विचार होण्याआधीच सकाळ झाली. घाट पांढऱ्या वस्त्रांनी भरून गेला. राजाने दोर हातात घेतला आणि मनापासून घंटा वाजवली. आवाज पाण्यावरून पलीकडे गेला.

टेकडीची झाडी हलली. एक बाई बाहेर आली, मग दहा, मग शंभर. कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या खांद्यावर लेकरू, कुणी म्हाताऱ्याला पाठुंगळी घेतलेलं. सगळी वाळवंट तुडवत पाण्यापाशी आली आणि उभी राहिली. राजाला वाटलं, आपलं दुःख बघायला आली. लोकांनी फुलं सोडली.

नावाडी मात्र साखळीशी झटत होता. "किल्ली द्या," तो कोतवालाला म्हणाला. कोतवाल म्हणाला, "हुकूम आणा."

तेवढ्यात कड्यावरून पहिला बाण सुटला.

आता राजा ओरडला, "सोडा, नाव सोडा." हुकूम निघाला, किल्ली सापडली, साखळी सुटली. नदी मात्र होती तेवढीच रुंद होती. नावाड्याने छाती फुटेस्तोवर वल्ही मारली, बाणांतून तीन खेपा केल्या आणि पन्नास-साठ माणसं आणली. तिन्ही खेपांत येसू नव्हती. चौथ्या खेपेला त्याने तिला आणलं. ती आपल्या पायांनी उतरली नाही.

तिच्या मागोमाग तिची सासू नावेतून उतरली. राजा तिच्यापुढे वाकला. "आजी," तो म्हणाला, "तुमच्या हालांचं आम्हाला फार दुःख झालं."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर राजाला सोपं गेलं असतं.

"ते आयकू आलं बाबा आमाला," ती म्हणाली. "ते आयकूनच तर खाली उतरलो. आमी भीत हुतो. पन येसू म्हनली, चला, घंटा माज्या बाच्या हातची हाय, ती फुकट वाजायची न्हाई. तीच सगळ्यांच्या म्होरं हुती."

राजाच्या हातावर दोराचा वळ अजून लाल होता. त्याने तो हात पदराआड लपवावा तसा शेल्याखाली घेतला.

त्या दिवसापासून नावेला साखळी कधी पडली नाही. युद्ध चालू असतानाही ती जात राहिली. गादीवर बसलेल्या भावाने त्याचा जाबही विचारला नाही, कारण त्याला आपल्या जळलेल्या गावांतच काम पुरत होतं. ज्याची एवढी भीती घातली होती ते झालंच नाही. घंटा मात्र नंतर कितीही वाजवली तरी पैलतीरावरचं कुणी खाली येईना. नाव डोळ्यांनी काठाला लागलेली दिसेपर्यंत माणसं झाडीतच उभी राहायची. नावाडीही मग घंटेला हात लावीनासा झाला. राजा म्हातारा होईपर्यंत रोज घाटावर येऊन बसायचा, पण कुणाच्या दुःखाबद्दल तो पुन्हा एक शब्द बोलला नाही.

लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: नाव सोडायची नसेल, तर घंटा वाजवू नये.