निखाडेचा पास

“...मग तिचे हातच कच्चे असतील, तर त्यात माझा काय दोष, सर?”

हेमराज निखाडे पुन्हा तेच विचारत होता. खाटेवर उशीला टेकून बसलेले नखाते सर गप्प होते. अर्धांगवायूने त्यांचं उजवं अंग गेलं होतं, आणि डावंही पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागे.

हेमराज नागपुरातल्या एका कॉलेजात बास्केटबॉलचा सहायक प्रशिक्षक. मूळचा चंद्रपूरकडच्या खाण-वसाहतीतला. तिथल्या सिमेंटच्या कोर्टवर सरांनीच त्याला बॉल धरायला शिकवलं. पुढे तो विद्यापीठाचा कप्तान झाला. बघायचं एकीकडे आणि बॉल फेकायचा भलतीकडे, तोही गोळीसारखा, ही त्याची ख्याती. प्रेक्षक त्या पासवर जीव टाकत. राज्याच्या शिबिरापर्यंत पोचला, पण संघात नाव आलं नाही. मग गुडघा गेला आणि खेळणं संपलं.

‘निवड समितीत आपला माणूस नव्हता,’ असं तो अजूनही सांगे.

परवा त्याच्या संघातल्या तेजल उईकेने खेळ सोडला. सरावात त्याचा पास तिच्या तोंडावर बसला होता. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी किट धुऊन, घडी करून क्रीडा विभागात ठेवून गेली. तिच्यासारखी उडी घेणारी पोरगी त्याने आजवर शिकवली नव्हती.

“जाताना काही बोलली?” सरांनी विचारलं.

“बॉलची भीती वाटते म्हणाली.”

“मग?”

“म्हटलं, आमच्या वेळी अशांना पाणी द्यायला ठेवत.”

सरांनी डोळे मिटले.

“काय करू, सर? आणू तिला परत, की जाऊ देऊ? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.”

सरांनी कोपऱ्याकडे मान वळवली. तिथे एक जुना, गुळगुळीत झालेला बॉल पडला होता.

“पास दे.”

“सर, कशाला आता...”

“दे बे.”

हेमराजने बॉल उचलला आणि दारापासून हलक्या हाताने टाकला. सरांचा डावा हात उशिरा उठला. बॉल छातीवर आदळून खाली पडला.

“सर! लागलं का?”

“हात कच्चे,” सर म्हणाले.

हेमराजने खाली पडलेला बॉल घेतला.

“पुन्हा.”

तो खाटेजवळ आला. लहान मुलाला द्यावा तसा बॉल अलगद सोडला. सरांच्या बोटांना लागून तो घरंगळत खाटेखाली गेला. दुखरा गुडघा टेकून हेमराजने तो बाहेर काढला. कुठूनही, कसाही आलेला बॉल सरांचे हेच हात पूर्वी जागच्या जागी थांबवत.

स्वयंपाकघरातून काकू डोकावल्या. “अहो, काय चाललंय दोघांचं?”

“प्रॅक्टिस.”

काकू क्षणभर पाहत राहिल्या आणि आत गेल्या.

“पुन्हा,” सर म्हणाले.

हेमराज उभा राहिला नाही. खाटेच्या कडेला बसला. सरांचा डावा पंजा त्याने बॉलवर ठेवला. उजव्या हाताची आखडलेली बोटं हळूहळू उघडली आणि तो हातही बॉलखाली सरकवला. त्याखाली स्वतःचा हात धरून ठेवला.

बॉल थरथरला... पण पडला नाही.

सर त्याच्याकडे पाहत होते. हेमराजला त्यांच्याकडे पाहवेना.

“सर,” तो म्हणाला, “याला पास म्हणत नाहीत.”

सरांनी श्वास घेतला. एकेक शब्द गोळा केला.

“ज्याला मिळाला... त्याला विचार.”