धुरपाआईचा दोरा

फार वर्षांपूर्वी, आपल्या निंबखोऱ्यात अजून गाडीवाटसुद्धा आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गावात धुरपा नावाची सुईण होती. तिचा हात लागला की अडलेली बाई सुटायची, असं म्हणतात. आणि डोळे मिटून नुसत्या बोटांनी ती ओळखायची, की लेकरू बाळसं धरतंय का सुकतंय.

पण लेकराचं माप काढायची चोरी होती. तान्ह्याला तराजूत घातलं, वीत लावली, की त्याची वाढ खुंटते, असं बायका मानायच्या. मग धुरपानं युक्ती केली. पाचवीला ती बाळाच्या दंडाला काळा दोरा बांधायची, आपली करंगळी सरकेल एवढीच जागा ठेवून. कुणी विचारलं तर सांगायची, "दृष्टीचा आहे." बायका खूश. दंड भरला की दोरा रुतायला लागायचा, मग ती नवा बांधायची. सैल पडला की समजायची, पोर वाळतंय. मग त्या घरी ठाण मांडायची. सासूला दटावून बाळंतिणीला पोटभर जेवू घालायची, बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायची, पुन्हा पुन्हा पाजायला लावायची. अशी किती लेकरं तिनं ओढून आणली, त्याला गणतीच नाही. काळ दारात येऊन हात हलवत परत जायचा, असं म्हणतात.

सगळं चांगलं चाललं होतं. पण दोरा खरा कशाला, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिथंच माशी शिंकली.

गावात राही नावाची पोरसवदा सून होती, पहिलटकरीण. तिला मुलगी झाली. दोरा बांधून निघताना धुरपा सवयीनं म्हणाली, "दोरा सैल पडू देऊ नको हं." म्हणजे काय, तर पोरीला नीट पाज. पण राही बिचारी, तिला वाटलं दोरा म्हणजेच राखण.

जिवापाड जपला तिनं तो दोरा. जरा ढिला वाटला की गाठ सोडायची, आवळून बांधायची, टोकं आत खोचायची. दर बाजाराच्या दिवशी धुरपा यायची, दुपट्यात हात घालून करंगळी सरकवायची. करंगळी नीट बसायची. "छान आहे," म्हणायची आणि पुढच्या घरी जायची. पोर रडत नाही, किती गुणाची, असं कौतुकही व्हायचं.

मग एके दिवशी पोरीनं दूध ओढणंच सोडलं. धुरपा धावत आली, दुपटं उलगडलं. दंडाची नुसती काडी झाली होती. आणि दोऱ्याची खोचलेली टोकं सुटून कोपराच्याही खाली लोंबत होती.

"राही, ही गाठ माझी नाही."

"सैल पडायचा ना, आई. तुम्हीच सांगितलेलं, पडू देऊ नको. म्हणून मी आवळायची."

धुरपानं पोरीला उचलून घेतलं. तिनं जंग जंग पछाडलं, पण वेळ निघून गेली होती. पोर तिच्याच मांडीवर गेली. घरची माणसं राहीला बोल लावू लागली, तेव्हा धुरपा म्हणाली, "तिला काही म्हणू नका. तिनं माझं ऐकलं. मीच अर्धं सांगितलं."

तो दोरा तिनं स्वतःच्या करंगळीला बांधला. ते बोट पुन्हा कधी सरळ झालं नाही, असं म्हणतात. त्यानंतर ती दारोदार सांगत सुटली, की दोऱ्यात काही नाही, ते नुसतं माप आहे. सैल पडला तर गाठीला हात लावू नका, मला हाक मारा. मग हाक डोंगरापलीकडून आली तरी तिला ऐकू यायची. म्हातारी होऊन ती गेली, चितेत सगळं जळालं, दोरा तेवढा राखेत शाबूत निघाला, असं म्हणतात. तो राहीनं उचलला.

निंबखोऱ्यात आजही पाचवीला दोरा बांधतात, आणि बांधणारी बाई मोठ्यानं सांगते, "हा राखत नाही. राखायचं तू." सैल पडला की बाळंतीण उंबऱ्यात येऊन हाक मारते, "धुरपाआई, दोरा सैल पडला." जिच्या कानावर पडेल तिनं तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावायचं, आणि धावता धावता ओ द्यायची. धुरपा गेल्यावर पहिली हाक आली, तेव्हा सगळ्यांच्या आधी राही पळाली होती. ती जे ओरडली, तेच बायका अजून ओरडतात, "आले गं पोरी, गाठ सोडू नको."